डाव्या गालाचा अंधार

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खोली दिसते. आठ फूट रुंद, दहा फूट लांब, वर टिनाचं छत. रायपूरजवळ सिलतऱ्याला कारखान्यांच्या मागे मजुरांना भाड्याने देण्यासाठी ओळीने बांधलेल्या खोल्यांपैकी ही एक. कोपऱ्यात चूल मांडलेली, तिच्याजवळ ॲल्युमिनियमची दोन पातेली, समोर खाट, मागच्या भिंतीत गजांची लहानशी खिडकी. भिंती नुकत्याच चुन्याने पांढऱ्या केलेल्या. खिडकीच्या चौकटीवर कारखान्यांची काळी भुकटी बसलेली. सकाळी पुसली तरी जेवणाच्या वेळेपर्यंत ती पुन्हा तिथे हजर. खोलीच्या मधोमध लोखंडी स्टुलावर एक उंच म्हातारा उभा आहे. डोकं टिनाला लागू नये म्हणून त्याने मान एका खांद्यावर टाकली आहे, दातांत सुतळी धरली आहे, आणि दोन्ही हातांनी तो भिंतीवर काळं कापड ताणून बांधतो आहे.

हा शरच्चंद्र. रायपूरच्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात, त्याला सगळे ‘लाइटवाले शरदभाऊ’ म्हणतात.

खाटेवर बसलेली बाई त्याची बायको, प्रमोदिनी. आज ती एका छत्तीसगढी गाण्याच्या व्हिडिओत आईचं काम करणार आहे. गाणं साधंच. मुलगा कारखान्यात पाळीवर गेला आहे, तो यायचा आहे, आणि आई भात झाकून त्याची वाट पाहते आहे. उंबऱ्यावर कॅमेरा मांडून शिशिर बसला आहे, कारण आत त्याला बसायला जागाच उरलेली नाही. आणि बाहेर कडुलिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत फोनवर कुणाला तरी ‘बस, शुरू हो रहा है’ असं सांगणारा जो आहे तो नीलेश, या व्हिडिओचा दिग्दर्शक.

प्रमोदिनीने पदर डाव्या गालावर ओढून धरला आहे. तो गाल आज कॅमेऱ्यात दिसता कामा नये. शरच्चंद्राने तिला तसा शब्द दिला आहे, आणि त्या एका शब्दावर ती आज घराबाहेर पडली आहे.

शरच्चंद्र वीज मंडळात नोकरीला होता. दिवसा खांबावर चढून तारा जोडायच्या आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीत जाऊन बसायचं, हा त्याचा तारुण्यातला रोजचा क्रम. तात्यापाऱ्यात तेव्हा गणपतीत मराठी नाटक व्हायचं. दिग्दर्शक बँकेतला, नायक कचेरीतला, खलनायक रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला, आणि मागचे पडदे रंगवायला हरिदास पेंटर. दिव्यांचं खरं सामान नागपूरहून आणावं लागे, तेही मिळालं तर. मग शरच्चंद्राने तेलाचे रिकामे डबे कापून त्यांचे स्पॉट केले. दिवा मंद-तेज करायला त्याने मातीच्या नळ्यात मिठाचं पाणी भरलं आणि त्यात पत्र्याची पट्टी खालीवर करायची युक्ती बसवली. पट्टी पाण्यात खाली गेली की रंगमंचावर उजेड उमलायचा, वर आली की मावळायचा. पाणी तापायचं, त्याच्या वाफा विंगेत पसरायच्या. नाटकात वावरलेल्या माणसाच्या नाकात तो वास एकदा बसला की जन्मभर जात नाही.

“उजेड कुठं टाकायचा ते कोणीबी सांगते,” तो म्हणायचा. “कुठं नाही टाकायचा, ते माझं काम.”

आणि हे त्याने करून दाखवलं होतं. नायकाच्या घरातली भिंत मध्येच फाटलेली असायची, ती कधी प्रेक्षकांना दिसली नाही. खांबाआड उभा राहून वाक्यं पुरवणारा माणूस कधी दिसला नाही. प्रमोदिनीला सातवा महिना होता तेव्हा तिने लग्नाआधीच्या मुलीचं काम केलं, आणि शरच्चंद्राने तीनही अंक तिच्या छातीखाली उजेड उतरू दिला नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा पत्ता लागला नाही. त्याने जिथे दिवा टाकला नाही, तिथे अंधार असायचा. सगळ्या आयुष्यात याला अपवाद त्याने पाहिला नव्हता.

प्रमोदिनी मूळची वर्ध्याकडची, वडील रेल्वेत म्हणून रायपूरला आलेली. तिच्यावर दिवे टाकता टाकता शरदभाऊ तिच्यावर भाळले असं मंडळी चिडवायची. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. “उजेडात उभं राहिलं का समोरचं काहीच दिसत नाही. म्हणून तर मी यांना हव म्हणून बसली.”

काय हसायची ती तेव्हा. आवाज असा की शेवटच्या रांगेतला म्हातारा कानाला हात न लावता ऐकायचा. तिने रंगमंचावर नुसती पाठ फिरवली तरी लोक गप्प व्हायचे.

मग एका हिवाळ्यात सकाळी उठली ती तोंड वाकडं झालेलं. डाव्या बाजूवरून वारं गेलं होतं. औषधं झाली, मालिश झाली, वीज लावून झाली. बोलणं परत आलं, पण डावा गाल आला नाही. तो तसाच खाली लोंबत राहिला, डोळा अर्धा उघडा, ओठाचा कोपरा ओघळलेला. त्या दिवसापासून प्रमोदिनीचा पदर डाव्या गालावर गेला तो तिथेच राहिला. हळदीकुंकू सुटलं. गणपतीत आरतीला ती सगळ्यांच्या मागे उभी राहू लागली. मुलीच्या, ईराच्या, लग्नाचा जाड अल्बम घरात आहे. त्यात आई आहे, पण प्रत्येक फोटोत पाठमोरी.

नाटकं तोवर बंदच पडली होती. मंडळी पांगली, पोरं हिंदीत बोलू लागली. शरच्चंद्राला मात्र दिव्यांचं काम मिळत राहिलं. रायपुरात छत्तीसगढी गाण्यांचे व्हिडिओ निघू लागले, कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या गोदामात, आणि तिथे स्वस्तात दिवे लावणारा माणूस लागायचा. तेलाचे डबे गेले, एलईडीच्या पट्ट्या आल्या. तो ते शिकला. जिथे दिवा ठेवायला जागा नाही तिथे थर्माकोलच्या शीटवरून उजेड परतवून कसा आणायचा, हे त्याच्याइतकं कुणाला जमायचं नाही.

नीलेश हा हरिदास पेंटरचा मुलगा. बाप गेल्यावरही तो शरच्चंद्राला काका म्हणायचा, बोलवायचा, वाकून पाया पडायचा. एके दिवशी तो घरी आला आणि शरच्चंद्राशी काही न बोलता सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

“काकू, एक रोल है. माँ का. आपको करना पड़ेगा.”

“मी?” आतून प्रमोदिनी म्हणाली. “या तोंडानं?”

“तोंडाचं काही नाही काकू. फीलिंग पाहिजे. वो आपके जैसा पूरे रायपुर में किसी के पास नहीं है.”

“तुझा बापही असाच बोले. पडद्यावर झाड काढे आणि म्हणे, वहिनी, याची सावली घ्या.”

ती नाही म्हणाली नाही. तेवढं शरच्चंद्राच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाहेरून आला तर स्वयंपाकघरात ती पोह्यात हात घालून उभी होती आणि कुठल्या तरी जुन्या नाटकातली स्वतःची वाक्यं म्हणत होती. आवाज तोच. तो दारातच थांबला. वाक्य संपेपर्यंत थांबला, मग मुद्दाम चपला वाजवून आत गेला.

“कर ना काम,” तो म्हणाला.

“लोक माझं थोबाड पाहतील.”

“नाही पाहणार. लाइट माझी आहे. डावी बाजू अंधारात ठेवतो. नखाएवढा उजेड तिकडं जाऊ देत नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

तिने हात धुतले. पदराला पुसले. म्हणाली, “मग त्या पोट्ट्याला सांगा, साडी मी माझी नेसीन. त्यांच्या त्या चमकीवाल्या साड्या नको.”

तर ती ही खोली, आणि तो हा शब्द.

रंगमंचावर अंधार ठेवणं सोपं. तिथे भोवती मोकळी पोकळी असते, काळे पडदे असतात; दिवा जातो तो जातोच. आठ बाय दहाच्या पांढऱ्या खोलीत उजेड कुठे जाणार? शरच्चंद्राने खिडकीबाहेर स्टँडवर एकच दिवा लावला आणि गजांमधून तो प्रमोदिनीच्या उजव्या गालावर सोडला. उजवा गाल सोन्यासारखा झाला. पण तोच उजेड समोरच्या भिंतीवर आदळून परत आला आणि डाव्या गालावर जाऊन बसला. त्याने त्या भिंतीवर काळं कापड बांधलं. हे कापड नाटकमंडळाच्या विंगांचं. मंडळ मोडलं तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या नेल्या, याने विंगा नेल्या होत्या. मग जमिनीवरून उजेड येऊ लागला. तिथे कांबळं अंथरलं. मग टिनावरून. तिथेही कापड. पातेली चमकत होती, त्यांना चुलीतली राख फासली. तरी गालावर कुठून तरी एक फिकट कवडसा येतच होता. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की तो त्याच्याच पांढऱ्या सदऱ्यावरून येतो आहे. त्याने सदरा काढला. आतला बनियानही पांढरा. तोही काढला आणि उरलेलं काळं कापड खांद्यावरून गुंडाळून घेतलं.

प्रमोदिनी पदराआडून म्हणाली, “अघोरी बाबा दिसून राहिले. नारळ आणू का?”

“तोंड सरळ ठेव. हलू नको.”

“ते सरळ असतं तर तुम्हाले एवढा कुटाणा कशाले करावा लागला असता?”

उंबऱ्यावर शिशिर हसला, आणि मग हसावं की नाही हे न समजून कॅमेऱ्याची काच पुसू लागला.

पंखा बंद होता, कारण पंखा लावला की कापडं हलत. टिन तापलं होतं. सगळे घामाने निथळत होते. नीलेशने आत डोकं घालून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

“काका, आधा चेहरा ही नहीं दिख रहा है.”

“तसंच पाहिजे.”

“लोग मोबाइल पे देखते हैं काका. मोबाइल पे इतना डार्क चलता नहीं. थोडा तरी भरा ना तिकडून. एक थर्माकोल लावा.”

“नीलेश, तुझा बाप मले कधी म्हणाला नाही का शरद, इथं उजेड टाक. मी त्याला कधी म्हणालो नाही का इथं निळा रंग लाव. तू तुझं पाह्य.”

“लेकिन काका...”

“तिकडं उजेड गेला तर काकू उठून घरी जाईल. मग घे तू तुझं गाणं.”

नीलेशने शिशिरकडे पाहिलं. शिशिर खाली बघत कॅमेऱ्याशी काही तरी करत होता. तो हळूच म्हणाला, “ले लेते हैं भैया. बाकी एडिट में देख लेंगे.”

“ठीक है,” नीलेश म्हणाला. “काका जैसा बोलें.”

हे बोलणं शरच्चंद्राच्या कानावर पडलं. लपवून कुणी बोललंच नव्हतं. गाणी नंतर कॉम्प्युटरवर निळी करतात, पिवळी करतात, हे त्याला माहीत होतं. रंगाचं काय करायचं ते करा. पण नाटकात ‘नंतर’ नावाची गोष्ट नसते. जो उजेड पडला तो पडला, जो नाही पडला तो नाहीच. पडदा पडल्यावर कुणी येऊन कालच्या प्रयोगात दिवा लावू शकत नाही. अंधार म्हणजे जिथे काही नाही ते. जिथे काही नाही, तिथून कुणी काय काढणार? म्हणून तो निश्चिंत मनाने खिडकीबाहेर गेला आणि दिव्याजवळ उभा राहिला.

गाणं वाजू लागलं. प्रमोदिनीने पदर गालावरून काढला आणि काम सुरू केलं.

तिने फार काही केलं नाही. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. बाहेर मोटारसायकल वाजल्यासारखं झालं तशी तिने मान वर केली. ती मोटारसायकल पुढे निघून गेली. तिने झाकण जरा उचललं, वाफ आहे का पाहिलं, पुन्हा ठेवलं, आणि त्या झाकणावर हात तसाच राहू दिला. बस एवढंच. शेजारच्या खोलीतली एक बाई तांदूळ पाखडायचं सूप घेऊन शिशिरच्या पाठीमागे उभी होती, ती सूप विसरून डोळ्याला पदर लावत आत निघून गेली. खिडकीच्या गजांमागे शरच्चंद्र उभा होता, आणि त्याला कितीतरी वर्षांनी पुन्हा मिठाच्या पाण्याचा तो वास आल्यासारखा वाटला.

“कट,” नीलेश म्हणाला.

शिशिरने कॅमेऱ्याचा छोटा पडदा फिरवून प्रमोदिनीसमोर धरला. तिने आधी डोळे मिटले, मग उघडले. पडद्यावर अर्धा चेहरा होता. उजवा, उजळलेला, वाट पाहणारा. दुसरा अर्धा रात्रीसारखा काळा.

“नाही दिसत,” ती म्हणाली.

“नाही दिसत,” शरच्चंद्र म्हणाला.

त्यानंतर सगळे कडुलिंबाखाली बसून डब्यातलं जेवले. प्रमोदिनी नीलेशला वाढत होती, त्याच्या बापाची नक्कल करत होती, शिशिरला ‘अरे पोट्ट्या, अजून घे’ म्हणत होती. जेवण संपत आलं तेव्हा शरच्चंद्राच्या लक्षात आलं की पदर तिच्या खांद्यावर आहे. गालावर घ्यायला ती विसरली आहे. त्याने तिला आठवण केली नाही.

व्हिडिओ यायचा होता त्या दिवशी प्रमोदिनीने स्वतः जाऊन शेजारच्या शांताबाईंना आणि मागच्या गल्लीतल्या इंदूला बोलावणं केलं. घरात माणसं बोलावण्याची ही कितीतरी वर्षांतली पहिली वेळ. तिने चिवडा केला. साडी बदलली. इंदूने स्वतःच्या फोनवरून गाणं टीव्हीवर लावून दिलं.

सुरुवातीला कारखान्याची चिमणी, धूर, फाटकातून बाहेर पडणारा मुलगा. मग खोली. आणि खोलीत उजेडच उजेड. शरच्चंद्र खुर्चीत पुढे सरकला. काळ्या विंगांचा कुठे मागमूस नव्हता. जिथे त्या होत्या तिथे करडी, राखी भिंत दिसत होती. प्रमोदिनीने भातावर झाकण ठेवलं, मान वर केली, आणि कॅमेरा तिच्या डाव्या गालावर जाऊन थांबला. अर्धा उघडा डोळा. ओघळलेला ओठ. त्यांनी तो भाग मोठा करून घेतला होता. टीव्हीभर गालच होता. गाण्याची सगळ्यात दुखरी ओळ त्याच जागी यायची, आणि ती ओळ संपेपर्यंत चित्र हललं नाही.

प्रमोदिनीचा हात पदराकडे गेला, गालापर्यंत आला, आणि मग त्याचा काही उपयोग नाही असं कळल्यासारखा मांडीवर येऊन पडला.

गाणं संपलं. शांताबाई डोळे पुसत होत्या.

“काय काम केलं बाई,” त्या म्हणाल्या. “मले तर रडूच आलं. खरं सांगू? तो गाल पाहूनच रडू आलं.”

“हव ना दीदी,” इंदू म्हणाली. “एकदम असली लगता है. मेकअप वाटतच नाही.”

“चहा ठेवते,” प्रमोदिनी म्हणाली आणि उठली.

बाया गेल्यावर ती कप विसळत होती. शरच्चंद्र तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

“मी अंधार केला होता,” तो म्हणाला. “तू पाहिलं.”

“हव. पाहिलं.”

“मग हे कुठून आलं?”

तिने कप पालथे घातले. “मले काय विचारता? तुमचं खातं आहे ते.”

नीलेशचं ऑफिस शंकर नगरला एका दुकानाच्या वर आहे. अरुंद जिना, वर काचेचं दार, आत दोन कॉम्प्युटर आणि एक सोफा. शरच्चंद्र जिना चढून गेला तेव्हा नीलेश उठला, पाया पडला, आणि त्याच्या खांद्याला धरून त्याला सोफ्यावर बसवू लागला. शरच्चंद्र बसला नाही.

“काकूचा गाल कुठून आणला तू?”

“काका, पहले पानी तो...”

“कुठून आणला?”

नीलेशने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला खुर्ची ओढून दिली. कॉम्प्युटरवर त्याने ती खोली उघडली. तीच; सिलतऱ्याची, काळी, एका गालाची. शरच्चंद्राने हायसं वाटून श्वास सोडला. हे त्याचंच काम होतं. मग नीलेशने खालची एक बारीक पट्टी बोटाने उजवीकडे सरकवली. अंधार पातळ होऊ लागला. आधी भिंत आली, मग विंगेची शिवण, मग खाटेचा पाय, मग कान, मग गाल. नीलेशने पट्टी डावीकडे नेली. गाल गेला. उजवीकडे नेली. गाल आला.

मिठाच्या पाण्यात पत्र्याची पट्टी खालीवर व्हायची, अगदी तसंच. फक्त हात दुसऱ्याचा होता, आणि प्रयोग होऊन गेल्यावरचा.

“सब था काका,” नीलेश मऊपणे म्हणाला. “कॅमेऱ्यानं सगळं घेतलं होतं. आजकालच्या कॅमेऱ्याला अंधार पूर्ण नसतेच. आप जितना भी काला करो, अंदर रहता है.”

“तुले माहीत होतं? तिथं? मी कापड ठोकून राहिलो होतो तेव्हा?”

नीलेशने पट्टी डावीकडे नेऊन गाल पुन्हा अंधारात घातला.

“बोल ना. मले उघडा करून उभा केला त्या खोलीत, बनियानसुद्धा काढली मी. तुले माहीत होतं?”

“आप मानते नहीं ना काका. आणि तुम्ही नाही तर काकू आल्या नसत्या.”

“मग दुसरी बाई घ्यायची होती.”

“दूसरी से नहीं होता.” नीलेशने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “काका, खरं सांगू का? मी गाणं ऐकलं ना, तवाच मले काकूचा चेहरा दिसला. तोच गाल. मैंने वो माँ उसी चेहरे के लिए रखी है. नीचे देखो, लोग क्या लिख रहे हैं. कोणी हसून नाही राहिलं. सगळे रडून राहिले. इज़्ज़त से लिख रहे हैं.”

त्याने पडदा शरच्चंद्राकडे वळवला. शरच्चंद्राने चष्मा लावून वाचलं. खरंच कुणी हसलं नव्हतं. कुणी लिहिलं होतं, माझी आई आठवली. कुणी लिहिलं होतं, या अम्माला कुणी मदत करा. कुणी विचारलं होतं, या बाईला लकवा कधी झाला. पोराने वाईट हेतूने केलं नव्हतं, हे त्याला दिसत होतं; आणि वाईट हेतूने केलं असतं तर किती बरं झालं असतं, निदान एक मुस्कटात देता आली असती.

“काढून टाक,” तो म्हणाला.

“कैसे निकालूँ काका? माझ्या एकट्याचं आहे का? गाणारा आहे, पैसे लावणारे आहेत. आणि आता लोकांनी फोनात घेऊन ठेवलं. पाठवलं एकमेकांना. मी काढलं तरी जाणार नाही ते.”

शरच्चंद्र उठला. दारापर्यंत गेला. नीलेश मागे आला आणि चाचरत म्हणाला, “काका, अजून एक गाणं आहे. उसमें भी काकू चाहिए. आप नाराज़ मत होना, पर... त्यांना विचारता का?”

शरच्चंद्र जिना उतरला. भिंतीला हात लावत उतरला. तारांच्या खांबांवर चढून आयुष्य काढलेल्या माणसाला जिन्याची भीती वाटावी हे नवलच, पण पायऱ्या त्याला नीट दिसत नव्हत्या.

घरी येईपर्यंत त्याने ठरवलं होतं की दुसऱ्या गाण्याचं तिला सांगायचंच नाही. पण तो चपला काढत होता तोच प्रमोदिनी आतून म्हणाली, “नीलेशचा फोन आला होता.”

“काय म्हणे?”

“दुसरं गाणं आहे म्हणे. अंथरुणावर पडलेल्या आईचं.”

“तू काय म्हटलं?”

“हव म्हटलं.”

तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. ती भाजी चिरत होती. पदर खांद्यावर होता. तिचा पूर्ण चेहरा खिडकीच्या उजेडात होता, आणि तो झाकायला तिने हात उचलला नाही.

“काहून?” तो म्हणाला.

“आता राहिलं काय लपवायचं? शांताबाईनं पाहिलं, इंदूनं पाहिलं, ईराच्या सासरच्यांनी पाहिलं. ईराचा फोन आला होता, रडत होती. म्हणे, आई, एवढं वाईट आहे ते तू मलेसुद्धा कधी पदर काढून दाखवलं नाही.” तिने वांग्याच्या फोडी पाण्यात टाकल्या. “आणि मले काम करायचं आहे. खूप वर्षं झाली. ते झाकणावर हात ठेवला ना, तवा मले समजलं.”

“मग करू ना,” शरच्चंद्र म्हणाला, आणि त्याचे हात आपोआप हवेत हलू लागले, दिव्याची जागा दाखवू लागले. “मी आता पाहून आलो ते कसं करतात. यावेळी समोरून उजेडच नाही टाकत. पाठीमागून टाकतो. एकदम जोरात. मग त्यांनी कितीबी उचललं तरी नुसती रेघ येईल, बाहेरची. चेहरा त्याच्या हाती लागणारच नाही. आणि कॅमेऱ्यासमोर मच्छरदाणी...”

“ऐका.”

तो थांबला.

“तुम्ही तिथं असले का मले वाटते, आपण झाकलेलो आहो. मी मोकळी होऊन बसते. जेवताना पदराचं भान राहिलं नाही माझं. तुम्ही पाहिलं, आणि सांगितलंही नाही.” तिच्या आवाजात राग नव्हता. “दुसरा कोणी लाइटवाला असला तर मले पहिल्यापासून माहीत राहील का सगळं उघडं आहे. मग मी तशीच बसीन. मले जमते आता.”

“म्हणजे मी काय करू?”

प्रमोदिनीने विळी बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी, पूर्ण आणि अर्ध्या.

“तुम्ही घरी राहा,” ती म्हणाली.